ॲस्पॅरॅगस बियांपासून वाढवताना: पेरणीपासून पहिल्या तोडणीपर्यंत

अबोली

ॲस्पॅरॅगसच्या बियांचे एक पाकीट माझ्याकडे आले आहे आणि ते घरच्या बागेत पेरावे असा विचार आहे. आतापर्यंतच्या वाचनातून एवढे समजले, की ही बहुवर्षायू वनस्पती आहे, एकदा जम बसला की पंधरा-वीस वर्षे एकाच जागी टिकते, आणि बी पेरल्यापासून खाण्याजोगे कोंब हाती यायला साधारण तीन वर्षे थांबावे लागते. थांबण्याची माझी तयारी आहे. अडचण अशी, की बहुतेक ठिकाणी बियांचा विषय दोन ओळींत उरकून थेट वर्षभर वाढवलेले गड्डे (मुळांसकट जमिनीखालची गाठ) लावण्याचा सल्ला दिलेला असतो. बियांपासून वाढवण्यात खरोखर काही फायदा आहे का, की तो केवळ हौसेचा मामला आहे? बी रुजवण्याची नेमकी पद्धत कोणती, आणि पहिल्या वर्षात रोपांकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

मुळाक्षर

अबोलीताई, सुरुवात पाकिटापासूनच करू. त्यावर ‘ॲस्पॅरॅगस ऑफिसिनॅलिस’ हे शास्त्रीय नाव छापलेले आहे का, ते आधी पाहा. ॲस्पॅरॅगस हा वनस्पतींचा एक मोठा प्रजातीसमूह (जीनस) आहे. औषधी शतावरी, म्हणजे ॲस्पॅरॅगस रेसिमोसस, ही काटेरी वेल याच प्रजातीसमूहातली असली तरी तिचा उपयोग मुळांसाठी होतो. आणि कुंडीत शोभेसाठी लावतात ते ‘ॲस्पॅरॅगस फर्न’ तिसरेच. या सगळ्यांच्या बिया काळ्या, टणक आणि गोलसर असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पारख होत नाही. तीन वर्षे मेहनत करायची असेल तर ही खातरजमा आधीच झालेली बरी.

आता बी की गड्डा, या प्रश्नाकडे येतो. गड्डा लावला तर सुमारे एक वर्ष वाचते, आणि ज्याला थोडीच झाडे हवी आहेत त्याच्यासाठी तो सोयीचा मार्ग आहे, हे मान्य. परंतु शेतातून उपटलेल्या गड्ड्याची बरीचशी मुळे तुटलेली असतात, वाहतुकीत आणि साठवणीत तो सुकतो किंवा कुजतो, आणि फ्युजेरियम बुरशी त्याच्यासोबत बागेत शिरण्याचा धोका असतो. ट्रेमध्ये वाढवलेले रोप मुळांना धक्का न लागता मातीत जाते. त्यापेक्षा मोठा फायदा निवडीचा आहे. बियांपासून गरजेच्या दुप्पट-तिप्पट रोपे सहज करता येतात, आणि त्यांतली मरतुकडी रोपे काढून फक्त जोमदार रोपे कायमच्या जागी लावता येतात. जे झाड वीस वर्षे जागा अडवणार आहे त्याच्या बाबतीत ही निवड फार मोलाची ठरते. त्यामुळे बियांपासून वाढवणे हा हौसेचा मामला आहे असे मी म्हणणार नाही.

रुजवण्याच्या बाबतीत सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे मातीचे तापमान. हवेचे नव्हे, मातीचे. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास हे बी साधारण दहा दिवसांत रुजते. २० अंशांवर पंधरवडा लागतो, १५ अंशांवर साडेतीन आठवडे, आणि १० अंशांवर सात आठवड्यांहून अधिक. उलट ३५ अंशांवर पुन्हा तीन आठवड्यांपर्यंत वेळ जातो. थंड मातीत पेरून ‘बी खराब निघाले’ म्हणून ट्रे उपडा करणाऱ्यांची संख्या थोडी नाही. बी कवचाने टणक असल्यामुळे पेरण्यापूर्वी चोवीस तास कोमट पाण्यात भिजवावे आणि मधे एकदा पाणी बदलावे. त्यानंतर एक ते दीड सेंटिमीटर खोल पेरावे, माती हलकी दाबावी आणि ओल टिकवावी. चिखल मात्र होऊ देऊ नये.

बी रुजते कसे, हे एकदा नीट पाहून ठेवावे, म्हणजे पुढचा गोंधळ टळतो. भाजीपाल्याच्या रोपांत आपल्याला जमिनीवर दोन बीजपत्रे उलगडताना पाहण्याची सवय असते. येथे तसे काही होत नाही. बियांचे काळे कवच मातीखालीच राहते. त्यातून आधी एक पांढरे मूळ सरळ खाली जाते, आणि वर काहीही दिसत नसताना ते काही सेंटिमीटर लांब झालेले असते. मग त्याच सांध्यातून दोऱ्याएवढा बारीक हिरवा कोंब वर येतो. भिंग लावून पाहिले तर त्याच्या अंगावर मोठ्या कोंबावर असतात तसेच त्रिकोणी खवले आढळतात. हे खवले म्हणजेच या वनस्पतीची खरी पाने. नंतर फुटणारी सुईसारखी नाजूक हिरवी पालवी ही वास्तविक रूपांतरित फांदी असते आणि अन्न तयार करण्याचे काम तीच करते. पेरलेल्या ट्रेमध्ये असा दोरा दिसला, की गवत समजून तो उपटू नये.

ओलावा

मुळाक्षर यांच्या माहितीत एक भर घालतो. बियांच्या ताजेपणाबद्दल शंका असेल तर सगळे बी मातीत न घालता थोडे बी ओलसर कागदी रुमालात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात उबदार जागी ठेवावे. मूळ दिसू लागले की ते अलगद उचलून ट्रेमध्ये ठेवता येते. मूळ फार लांब होऊ देऊ नये, कारण ते कागदात शिरले की काढताना टोक तुटते. व्यवस्थित साठवलेले बी साधारण तीन वर्षे चांगले रुजते. त्यापुढे रुजण्याचे प्रमाण झपाट्याने घटते.

भांडे निवडताना रुंदीपेक्षा खोलीला महत्त्व द्यावे. उथळ ट्रेमध्ये मुळे तळाशी वेटोळे घालतात आणि शेजारच्या रोपांची मुळे एकमेकांत इतकी गुंततात, की वेगळी करताना दोन्हींचे नुकसान होते. खोल कप्प्यांचा ट्रे किंवा लहान उभट पिशव्या वापरून प्रत्येक कप्प्यात एकच बी पेरावे, म्हणजे ही कटकट उरत नाही.

अबोली

पाकिटावर ‘ॲस्पॅरॅगस ऑफिसिनॅलिस, मेरी वॉशिंग्टन’ असे छापले आहे, तेव्हा पहिली शंका मिटली. एक सांगा, रोपे उगवल्यावर ती किती काळ अशी दोऱ्यासारखीच राहतात? वाचलेल्या वर्णनांत आणि छायाचित्रांत मला फारच दुबळी रोपे दिसली.

मुळाक्षर

दुबळेपणा हा बघणाऱ्याचा समज आहे. हे रोप आधी खाली वाढते. पहिला कोंब जेमतेम वीतभर होतो आणि तेवढ्यावर थांबतो. तो पुढे कधीही जाड होत नाही. दरम्यान जमिनीखाली एक बारीकशी गाठ तयार होते. तिच्यावर डोळे धरतात आणि तिच्यापासून मांसल मुळे सुटू लागतात. काही आठवड्यांनी त्या गाठीतून दुसरा कोंब येतो, तो पहिल्यापेक्षा थोडा जाड असतो. तिसरा त्याहून जाड. प्रत्येक नवा फुटवा आधीच्या फुटव्यांनी साठवलेल्या अन्नावर येतो, म्हणून रोपाची प्रगती मोजायची असेल तर उंची न मोजता फुटवे मोजावेत आणि सर्वांत नवा फुटवा किती जाड आहे ते पाहावे. साधारण दहा-बारा आठवड्यांत तीन-चार फुटवे आलेले, पंचवीस-तीस सेंटिमीटर उंचीचे रोप पुनर्लागवडीला योग्य समजावे.

या वनस्पतीविषयीचे जवळजवळ सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात. हंगामाच्या सुरुवातीला जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाला हिरवी पालवी नसते. तो संपूर्णपणे मागील हंगामात मुळांत साठलेल्या शर्करेवर उभा राहतो. म्हणून पालवीला जितके दिवस ऊन मिळेल तितके पुढचे पीक चांगले येते, आणि पालवी फुटण्याआधी जितके कोंब आपण काढू तितका साठा घटतो. पहिल्या दोन वर्षांत तोडणी का करायची नाही, पालवी हिरवी असताना ती का कापायची नाही, तोडणी वेळेवर का थांबवायची, या सर्वांचे उत्तर मुळांतल्या त्या साठ्यात आहे. कोणताही निर्णय घेताना ‘याने साठा वाढेल की घटेल’ एवढे विचारावे. बहुतेक वेळा नियम पाठ करण्याची गरज पडत नाही.

रोपे लहान असताना पाणी बेताने घालावे. कोलमडून मरणाऱ्या रोपांमध्ये कोरडेपणापेक्षा अतिपाण्याचे बळी जास्त असतात. महिनाभरानंतर अगदी सौम्य द्रवखत दोन आठवड्यांतून एकदा द्यावे.

चिकित्सक

चर्चा चांगली चालली आहे, परंतु नर-मादीचा विषय अद्याप निघालेला नाही, आणि बियांपासून वाढवणाऱ्याच्या दृष्टीने तो टाळण्यासारखा नाही. ॲस्पॅरॅगसमध्ये नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. मेरी वॉशिंग्टन हा मुक्त परागीभवनाचा जुना वाण आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तांबेरा रोगाने या पिकाचे मोठे नुकसान केले, त्यानंतर तेथील कृषी विभागाने रोगाला तोंड देणारे जे वाण निवडले त्यांपैकी हा एक. त्याच्या बियांपासून साधारण निम्मी झाडे नर आणि निम्मी मादी निघतात.

मादी झाडाचे कोंब संख्येने कमी परंतु तुलनेने जाड असतात. नर झाडाला फळे पोसावी लागत नाहीत, त्यामुळे त्याचा साठा मुळांकडे जातो, कोंब अधिक येतात आणि एकूण उत्पादनही जास्त मिळते. शिवाय मादी झाडाची लाल फळे गळून वाफ्यातच रुजतात, आणि जुन्या गड्ड्यांच्या मुळांत गुंतलेली ही आगंतुक रोपे काढणे हे अतिशय जिकिरीचे काम होऊन बसते. याच कारणांमुळे अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाने जर्सी नाइट, जर्सी जायंट यांसारखे केवळ नर झाडे देणारे संकरित वाण तयार केले.

केवळ नर झाडे देणारे बी मिळते कसे, हे मला फार कुतूहलाचे वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मादीची लिंगसूत्रे (लिंग ठरवणारी गुणसूत्रे) एक्स-एक्स आणि नराची एक्स-वाय, येथवर गोष्ट परिचित आहे. क्वचित एखाद्या नर झाडावर काही फुले द्विलिंगी निघतात आणि त्यांना स्वपरागीभवनाने बी धरते. अशा बियांतून सरासरी चारांत एक झाड वाय-वाय निघते, आणि ते जगते, हे या वनस्पतीचे वैशिष्ट्य. या झाडाला ‘महानर’ म्हणतात. महानराचा परागकण कोणत्याही मादीवर पडला तरी संततीला एक वाय सूत्र मिळतेच, त्यामुळे सगळी संतती नर होते. अर्थात हे बी महाग पडते आणि दरवेळी नव्याने तयार करावे लागते.

अबोलीताईंनी मात्र पाकीट टाकून देण्याचे काहीही कारण नाही. घरच्या बागेत थोडी जास्त रोपे करावीत, ती दाट ठेवून फुले येईपर्यंत थांबावे आणि मग नर झाडे राखावीत.

अबोली

नर-मादी ओळखायचे कसे? आणि ते पहिल्या वर्षीच कळते का?

चिकित्सक

लवकर पेरलेल्या जोमदार रोपांना पहिल्या वर्षाच्या अखेरीस एखाददुसरे फूल येऊ शकते, परंतु बहुतेकांची ओळख दुसऱ्या वर्षी पटते. फुले अगदी लहान, हिरवट-पिवळी, घंटेच्या आकाराची असतात आणि पालवीच्या सांध्यांतून खाली लोंबतात. नर फूल लांबट असते. त्याच्या सहा पाकळ्या किंचित उलगडून आत डोकावले, की नारिंगी-पिवळ्या परागकोशांचे सहा पुंकेसर स्पष्ट दिसतात. मादी फूल त्याहून आखूड व रोडके असते. त्याच्या मध्यभागी तीन फाट्यांची कुक्षी उठून दिसते आणि पुंकेसर नुसते नावाला असतात. हातभिंग असेल तर एका नजरेत निकाल लागतो. भिंग नसेल तर फळे धरेपर्यंत थांबावे. आधी हिरवे व नंतर लाल मणी लागले तर ते मादी झाड. ही फळे खाण्याची नाहीत, त्यांनी पोट बिघडते, म्हणून घरात लहान मुले असतील तर ती पिकण्यापूर्वीच काढून टाकावीत.

खुरपे

माझे मत चिकित्सक यांच्यापेक्षा थोडे वेगळे आहे. दुसऱ्या वर्षापर्यंत गड्ड्यांची मुळे हातभर लांब झालेली असतात, आणि त्या अवस्थेत मादी झाडे काढून जागा नव्याने भरणे म्हणजे शेजारच्या नर झाडांनाही धक्का देणे. घरच्या बागेत दहा-बारा झाडे असतील तर मादी झाडे ठेवली म्हणून काही बिघडत नाही. फळे पिकण्याआधी तोडली की आगंतुक रोपांचा प्रश्न सुटतो, आणि जाड कोंब मिळतात हा वरकड लाभ. निवड करायची असेल तर रोपे कायमच्या जागी लावण्यापूर्वी वर्षभर स्वतंत्र वाफ्यात किंवा खोल पिशव्यांत वाढवावीत. जी नांगी (रोप गेल्याने रिकामी झालेली जागा) भरायची ती तेथूनच भरावी.

कायमच्या जागेबद्दल मात्र तडजोड करू नये. दिवसातून किमान सहा ते आठ तास ऊन, पाण्याचा उत्तम निचरा आणि साडेसहा ते साडेसात सामू (पीएच) असलेली जमीन या पिकाला मानवते. आम्लधर्मी जमिनीत ते खुरटते, तेव्हा सामू सहाच्या खाली असेल तर लागवडीच्या काही महिने आधी चुना मिसळावा. पाणी साचणाऱ्या जागी गड्डे हमखास कुजतात, तेथे उंच गादीवाफा करण्यावाचून पर्याय नाही. आधी ॲस्पॅरॅगस होते त्याच जागी नवी लागवड तर मुळीच करू नये. जुन्या मुळांतील द्रव्ये नव्या रोपांची वाढ रोखतात आणि फ्युजेरियम बुरशी मातीत वर्षानुवर्षे राहते.

लागवडीपूर्वी तण मुळासकट निपटून काढणे हे सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे काम. हरळी, लव्हाळा यांसारखे चिवट तण एकदा गड्ड्यांत शिरले की पुढे ते काढताच येत नाही, कारण गड्डे वरच्या थरातच असतात आणि खोल खुरपणी केली तर डोळे कापले जातात. चर पंधरा-वीस सेंटिमीटर खोल काढावा आणि तळाशी कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळावे. दोन रोपांत तीस ते पंचेचाळीस सेंटिमीटर आणि दोन ओळींत एक ते दीड मीटर अंतर ठेवावे. रोप चरात लावल्यावर लगेच चर बुजवू नये. रोपाची पालवी वर राहील एवढीच माती घालावी आणि रोप वाढेल तसतशी हंगामभरात थोडी थोडी भर देत चर जमिनीच्या पातळीला आणावा. कोवळ्या रोपावर एकदम सगळी माती लोटली तर ते गुदमरते.

ओलावा

तण मारण्यासाठी वाफ्यात मीठ टाकण्याचा सल्ला काही जुन्या पुस्तकांत आढळतो. ॲस्पॅरॅगस मीठ सहन करतो असेही म्हणतात. यात तथ्य किती?

खुरपे

सहन करतो हे खरे आहे. मूळची ही वनस्पती समुद्रकाठच्या वाळूतही वाढते. परंतु सहन करणे वेगळे आणि मानवणे वेगळे. तण मरेल इतके मीठ टाकले तर मातीची घडण बिघडते, निचरा मंदावतो आणि मीठ पाण्याबरोबर शेजारच्या वाफ्यांत जाते. ज्या पिकाला निचऱ्याची एवढी गरज आहे त्याच्या मुळाशी असे उपाय करू नयेत. हाताने तण काढावे आणि पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालावे. कंटाळा येतो, हे मी नाकारत नाही.

अबोली

आणखी एक अडचण आहे. आमच्याकडे हिवाळा फारसा थंड नसतो. या झाडाला थंडीची विश्रांती लागते असे वाचले. मग उष्ण हवामानात ते वाढवण्याचा विचार सोडून द्यावा का?

रानवाट

सोडून देऊ नये. झाडाला विश्रांती हवी असते आणि थंडी हे विश्रांतीचे एक निमित्त आहे. थंड प्रदेशात पालवी पिवळी पडून वाळते, साठा मुळांत उतरतो आणि उबदार दिवस आले की सगळे डोळे जवळजवळ एकदम फुटतात. उष्ण हवामानात असा संकेत मिळत नाही, त्यामुळे झाड वर्षभर एकेक बारीक कोंब काढत राहते आणि साठा कधीच भरत नाही. यावर दोन मार्ग आहेत आणि दोन्ही व्यापारी शेतीत चांगले रुळलेले आहेत.

पहिला मार्ग ताण देण्याचा. फळबागेत बहार धरण्यासाठी पाणी तोडतात, त्याच तत्त्वावर येथेही काही आठवडे पाणी बंद करायचे. पालवी पिवळी पडून वाळली की ती कापायची, वाफ्याला खत द्यायचे आणि भरपूर पाणी सोडायचे. कोंब एकदम वर येतात. पेरूच्या किनारपट्टीवरील वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही, आणि पाणी संपूर्णपणे शेतकऱ्याच्या हाती असल्यामुळे या पद्धतीने तेथे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पीक घेता येते.

पाऊस ज्यांच्या हातात नाही, त्यांच्यासाठी तैवानमध्ये रूढ झालेली मातृकोंबांची पद्धत अधिक उपयोगी पडते. त्यात प्रत्येक गड्ड्यावर तीन ते पाच निरोगी, जाड कोंब न तोडता वाढू देतात. त्यांची पालवी अन्न बनवत राहते आणि त्या बळावर येणारे पुढचे कोंब तोडता येतात. काही महिन्यांनी मातृकोंब जुने झाले, की नवे कोंब वाढू देऊन जुने कापायचे. मातृकोंब निवडताना ते गड्ड्याच्या एकाच बाजूला दाटीने नसावेत, आणि उंच वाढल्यावर त्यांना दोरीचा आधार द्यावा, नाहीतर वाऱ्याने ते बुडापासून मोडतात.

दमट व उष्ण हवेत खोडावर करपा फार लवकर येतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. फोमॉप्सिस नावाची बुरशी पावसाच्या शिंतोड्यांबरोबर मातीतून खोडावर उडते. तिचे लांबट तपकिरी चट्टे पडतात आणि वरचा भाग वाळतो. झाडांवर पावसापुरते पारदर्शक छत, जमिनीवर आच्छादन आणि पाणी पालवीवर न पडता थेट मुळाशी जाईल अशी सोय, या तीन गोष्टींनी निम्मे काम होते. वाण निवडायची संधी असेल तर कॅलिफोर्निया विद्यापीठाचा यूसी १५७ हा वाण सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांत चांगला चालतो. त्यात नर-मादी दोन्ही निघतात.

ओलावा

कुंडीत लावणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. कुंडी निदान पंचेचाळीस सेंटिमीटर खोल आणि तेवढीच रुंद असावी आणि तीत एकच झाड लावावे. मुळांना पसरायला जागा नसल्यामुळे झाड जमिनीतल्याइतके दीर्घायुषी होत नाही आणि कोंबही मोजकेच मिळतात. ताण देणे मात्र कुंडीत सर्वांत सोपे, हे मान्य करावे लागेल.

चिकित्सक

तोडणीबद्दल एक मुद्दा मांडतो, मुळाक्षर यांचे मत वाचायला आवडेल. पहिली दोन वर्षे एकही कोंब तोडू नये, हा जुना दंडक आहे. अलीकडे मात्र काही जाणकार असे सुचवतात, की गड्डे लावल्यानंतरच्या वर्षी अगदी थोडे दिवस तोडणी केली तर झाडाचे नुकसान न होता उलट अधिक डोळे जागे होतात. वाढणारा कोंब आपल्या शेजारच्या डोळ्यांना दाबून ठेवतो, तो काढला की दुसरे डोळे फुटतात, असा त्यामागचा तर्क आहे.

मुळाक्षर

तर्क बिनचूक आहे, परंतु तो वर्षभराच्या गड्ड्यांबद्दल मांडलेला आहे. गड्डा लावतानाच एक वर्षाचा असतो, म्हणजे लागवडीनंतरच्या वर्षी त्याच्याजवळ दोन हंगामांच्या पालवीची कमाई असते. बियांपासून केलेले रोप त्या टप्प्यावर एक वर्ष मागे आहे. दोघांना एकाच कॅलेंडरने मोजले तर रोपाची उपासमार होते. त्यामुळे बियांपासून वाढवणाऱ्याने पेरणीचे वर्ष आणि त्यानंतरचे वर्ष काहीही तोडू नये. तिसऱ्या वर्षी कोंब पेन्सिलीएवढे जाड येत असतील तरच दोन-तीन आठवडे तोडणी करावी. चौथ्या वर्षी चार आठवडे आणि पुढे जम बसल्यावर सहा ते आठ आठवडे. कॅलेंडरपेक्षा कोंबाची जाडी अधिक खरे बोलते. नव्याने येणारे बहुतेक कोंब पेन्सिलीपेक्षा बारीक होऊ लागले, की साठा तळाला गेला असे समजावे आणि त्याच दिवशी तोडणी थांबवावी.

कोंब एकदा जमिनीबाहेर आला की तो फक्त लांबतो, जाड होत नाही, म्हणून ‘अजून थोडा जाड होऊ दे’ या विचाराने थांबण्यात अर्थ नसतो. पंधरा-वीस सेंटिमीटर उंच आणि शेंड्याचे खवले घट्ट मिटलेले, ही तोडणीची वेळ. उष्ण दिवसांत शेंडा एका दिवसात सुटतो, तेव्हा सकाळ-संध्याकाळ फेरी मारावी लागते. बुडाशी धरून वाकवला की कोंब कोवळ्या जागी कट्कन मोडतो. सुरी मातीत घालून कापण्याची पद्धतही आहे, परंतु शेजारी वर येऊ पाहणारे डोळे त्यात कापले जातात. घरच्या बागेत तिची गरज नाही. तोडलेल्या कोंबाचे श्वसन फार वेगाने चालू राहते, त्याची गोडी काही तासांत उतरू लागते आणि तो बुडाकडून चिवट होत जातो, म्हणून तो लगेच थंड जागी, बुडे पाण्यात ठेवून उभा करावा.

तोडणी संपल्यावर खत द्यावे, आधी नव्हे. त्या वेळी पालवी उभी राहायची असते आणि खताचा उपयोग तिला होतो. पुढे ती कितीही अस्ताव्यस्त वाटली तरी हिरवी असेपर्यंत तिला कात्री लावू नये. पूर्ण पिवळी पडली की जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटर ठेवून कापावी आणि वाफ्यातून हलवावी, कारण तांबेऱ्याचे बीजाणू आणि किडी त्याच काड्यांत मुक्काम करतात. रोगट काड्या कंपोस्टमध्ये घालू नयेत.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. माती उबदार असल्यामुळे बी या आठवड्यात भिजत घालते, रोपे वर्षभर उभट पिशव्यांत ठेवते आणि पावसाच्या दिवसांसाठी मातृकोंबांची पद्धत धरते. एक शेवटची शंका. पुढे मादी झाडे राहिलीच, तर त्यांच्या फळांतले बी धरून पेरता येईल का?

चिकित्सक

मेरी वॉशिंग्टनच्या बाबतीत अवश्य येईल. आजूबाजूला दुसरा वाण फुलत नसेल तर संतती बरीचशी मूळ वाणासारखी निघेल. कीटक पराग दूरवर नेतात, त्यामुळे शंभर टक्के हमी नाही. संकरित वाणाचे बी धरले तर रोपे सारखी निघत नाहीत. फळे पूर्ण लाल व मऊ झाल्यावर तोडावीत, पाण्यात कुस्करावीत, तरंगणारे बी आणि गर ओतून द्यावा आणि तळाशी बसलेले काळे बी धुऊन सावलीत खडखडीत वाळवावे. एका फळात जास्तीत जास्त सहा बिया असतात, त्यामुळे एका झाडाचे बी घरच्या बागेला पुरून उरते.

खुरपे

आणि बी धरायचे नसेल त्या झाडाची फळे हिरवी असतानाच ओरबाडून काढावीत, नाहीतर पुढच्या हंगामात ते दोऱ्यासारखे कोंब वाफाभर उपटत बसावे लागेल.